हळद थांबेल इतका उतार

मला लहानपणापासून एकच स्वप्न पडतं. समोर आमच्या गावच्या देवीचं देऊळ असतं आणि त्याच्या सातही पायऱ्या उन्हात ठेवलेल्या गुळासारख्या पाघळायला लागतात. आधी कोपरे जातात, मग कडा जातात, आणि शेवटी एक लांबलचक उतार उरतो. मी त्यावरून वर जात असते. कशावर बसून, कुणाला धरून, ते कधीच दिसत नाही. वर पोचायच्या आत जाग येते. पन्नाशी उलटली तरी या स्वप्नानं मला एकदाही वर नेऊन पोचवलेलं नाही.

आमचं गाव वसमत तालुक्यात, हट्ट्याजवळ. देवीची पूजा आमच्या घरात. आधी वडील करायचे, आता धाकटा भाऊ करतो. मी दोन वर्षांची असताना पोलिओनं दोन्ही पाय नेले, त्यामुळे देवळात जायचं ते आईच्या कडेवर बसून. दर शुक्रवारी दिवेलागणीला ती एका हातात निरांजन घ्यायची, दुसऱ्या हातानं मला सावरायची आणि पायऱ्या चढायची. चौथ्या पायरीवर ती हटकून थांबायची आणि देवळामागच्या पिंपळाकडे मान करून म्हणायची, "ते बघ पोपट." कधी पोपट असायचे, कधी नसायचे. नसले तरी मी शोधत राहायचे, कारण आईनं सांगितलंय म्हणजे असणारच. मग ती उरलेल्या तीन पायऱ्या चढायची. मी सात-आठ वर्षांची, चांगली अंगानं भरलेली झाले तरी हा नेम चालू होता.

नंतर गावातल्या सुतारानं मला बाभळीच्या कुबड्या करून दिल्या. त्याचा सगळा जन्म नांगर करण्यात गेलेला, त्यामुळे कुबडीची मूठही त्यानं नांगराच्या रुमण्यासारखीच घडवली. मी चालायला लागले की पोरं म्हणायची, निघाली वावर नांगरायला. पण त्या मुठी माझ्या हाताला अशा बसल्या की पुढे शिबिरात मिळालेल्या चकचकीत कुबड्या मी आठ दिवसांत कोपऱ्यात उभ्या केल्या. तिथे सगळ्यांना एकाच मापाच्या वाटून दिल्या होत्या, आणि मी काही सगळ्यांच्या मापाची नव्हते. बाभळीच्या कुबड्यांवर मी शिकले, वसमतला कचेरीत कारकून झाले, भाड्याच्या खोलीत एकटी राहिले. देवळाच्या पायऱ्याही त्यांच्यावरच चढले, बसत, उठत, शिव्या घालत.

चार वर्षांपूर्वी खांदे गेले. डॉक्टर म्हणाले, आता कुबड्या बंद, चाकाची खुर्ची घ्या. खुर्ची आली आणि तिच्यामागोमाग माणसं आली. आमच्या गावात दयाळू माणसांना तोटा नाही. मी देवळापुढे दिसले रे दिसले की कुणीतरी ओरडायचं, "उचला रे ताईला!" चौघं धावायचे, खुर्चीसकट मला वर न्यायचे आणि देवीपुढे ठेवायचे, फळांची टोपली ठेवावी तसं. त्यांचा हेतू चांगला होता, मला ते कळत होतं. पण मला लाज वाटायची. नाकाच्या शेंड्यावर राग असलेली बाई मी, एकदा वरूनच म्हणाले, "चौघांच्या खांद्यावर जायची माझी वेळ अजून आली नाही." त्यातल्या एकानं जीभ चावली. त्या दिवसापासून मी वर जाणं सोडलं. स्वतःची स्वतः जाईन तेव्हाच जाईन, हे मनाशी ठरवून टाकलं.

दर शुक्रवारी संध्याकाळी मी वसमतहून यायचे आणि खालीच, पहिल्या पायरीजवळ खुर्ची लावायचे. आणि गंमत म्हणजे आईही खालीच थांबायला लागली. निरांजन पहिल्या पायरीवर ठेवायची, तिथूनच हात जोडायची. मी विचारलं, "तू का गं जात नाहीस?" तर म्हणाली, "देव खाली बी हाये." मला भरून आलं. लेकीला वर जाता येत नाही म्हणून ही माउली देवीवर रुसली, असं मी धरून चालले. वसमतच्या मैत्रिणींना मी हे दहादा तरी सांगितलं असेल.

मग यंदा देवळाला रॅम्प करायचा असं गावानं ठरवलं. मी हरखून गेले. कचेरीतून रॅम्पचा छापील नकाशा आणला. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तो मी गवंड्याच्या हातात दिला. त्यानं आदरानं उलटसुलट करून पाहिला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाला, "बराबर. तुमी काळजीच करू नका, ताई." पुढच्या शुक्रवारी येऊन पाहते तर पायऱ्यांच्या बाजूला हा उभा कडा! सिमेंटचा, खाचा पाडलेला. गवंड्याचा जन्म हळदीच्या गोदामांचे उतार बांधण्यात गेलेला. चार खेपांत ट्रॉली रिकामी झाली पाहिजे, हा त्याचा हिशोब.

"अहो, हा उतार आहे की घसरगुंडी?" मी म्हणाले.

"याच्यावरून भरलेला ट्रॅक्टर चढतो, ताई. तुमची खुर्ची काहून चढणार न्हाई?"

"ट्रॅक्टरला इंजिन असतं. मला हे दोन खांदे आहेत, आणि तेही गेलेले."

तरी मी हट्टानं चढायला गेले. दोन हात वर गेले असेन, खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली आणि मला आभाळ दिसलं. भावानं मागून धरली म्हणून डोकं वाचलं. जमलेली माणसं हळहळली आणि म्हणाली, "जाऊ द्या ताई, आमी हाओत ना उचलायला." मी त्या दिवशी रडले. भावाच्या गाडीतून वसमतला परतताना सगळा रस्ताभर रडले.

माघ संपला, हळदीचे दिवस आले. हे दिवस आमच्या भागात झोपेतून चालल्यासारखे जातात. शिवारात जागोजागी हळद शिजत असते, वाफ जमिनीलगत तरंगत असते, तिचा कोंदट गोड वास गाद्यांना, पुस्तकांना, केसांना लागतो. दुपारी डोळे जड होतात. अंगणं, गच्च्या, रस्त्याच्या कडा, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे पिवळी होते. त्या वासात मला ते स्वप्न वरचेवर पडायला लागलं. मी रजा घेऊन आठ दिवस गावच्या घरी होते आणि ओट्यावर खुर्चीत बसून पेंगत होते.

अशाच एका दुपारी डोळे उघडले तर आई पदरात काहीतरी घेऊन देवळाकडे निघालेली. एक एक पाऊल जपून टाकत होती. मी खुर्ची तिच्यामागे नेली. गवंडी पिंपळाखाली विसावला होता. आईनं त्याला हाक मारली, पदरातली शिजवलेली हळकुंडं काढली आणि त्या रॅम्पवर हात पोचेल तितक्या उंच ठेवली. ती घरंगळत खाली आली. तिनं परत ठेवली, ती परत आली. एक तर थेट गवंड्याच्या पायापाशी गेलं.

"ह्याच्यावर हळद थांबना," आई म्हणाली, "अन् तू माझ्या लेकीला चढ म्हनतूस?"

गवंड्यानं हळकुंड उचललं. माझ्या छापील नकाशाकडे त्यानं इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, खळ्याचा उतार असा न्हाई ठेवत आपन."

"व्हय ना? पानी निथळावं अन् हळद थांबावी, तसा ठेवतो का न्हाई? मंग तसाच कर. जितं हळद थांबती, तितं माझी लेक चढती."

"त्याला लांबी लई लागंल. देवळाम्होरं एवढी जागा कुटं हाये?"

आई पिंपळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्होरून काहून पायजे? मागून घे. पिंपळापासून निघू दे, अन् देऊळ उजव्या हाताला ठिवून कडंकडंनं म्होरं येऊ दे."

मी चिडले. "मी काय चोर आहे, मागच्या बाजूनं जायला?"

"मागून न्हाई गं," ती म्हणाली. "प्रदक्षिणा घालत."

माझा एकास बारा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ठरला होता, आणि ही बाई एक शब्द न वाचता त्याच मापाला पोचली होती.

जुना कडा फोडला, नवा उतार बांधला. काही जणांनी नाकं मुरडली, की देवळापेक्षा उतार मोठा, नाकापेक्षा मोती जड. कडेला लोखंडी दांडा बसायचा होता, तो अजून आला नव्हता. पण सिमेंट वाळल्या वाळल्या शेजारणींनी त्यावर हळद पसरली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाहिलं की एकही हळकुंड हललं नव्हतं. मग म्हटलं, शुक्रवारपर्यंत वाळू दे.

शुक्रवारी दिवेलागणीला आम्ही गेलो. हळद गोळा केलेली होती, पण तिची पिवळी पूड उतारावर राहिली होती आणि मावळतीच्या उजेडात सगळी वाट पिवळी दिसत होती. भावाला एकच शंका होती. ही चाकं रस्ताभर फिरलेली. चपला बाहेर काढतात तसं यांचं काय करायचं? त्याचं त्यानंच उत्तर काढलं. तांब्या आणला आणि लग्नात जावयाचे पाय धुवावेत तशी दोन्ही मोठी चाकं धुतली, मग दोन्ही लहान. मी हसले. तो तांब्या घेऊन पायऱ्यांनी वर गेला.

मी चाकांवर हात ठेवले आणि निघाले. पहिल्यांदा विश्वासच बसेना. खांदा दुखत होता, पण चाक वळत होतं आणि मी वर सरकत होते. देवळाची भिंत उजव्या हाताला हळूहळू मागे जात होती. हे मी पाहिलेलं होतं, कित्येकदा पाहिलेलं होतं, फक्त हातांना जाणवलं नव्हतं. कशावर बसून जाते ते आता दिसत होतं.

आणि तेवढ्यात पाठीमागे, खुर्चीच्या मुठीवर, हात पडला.

माझं टाळकं सरकलं. आज तरी! "सोड आई," मी मागे न बघता म्हणाले. "ढकलू नको. माझी मी जाते."

"ढकलून न्हाई राहिले गं," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. "धरून चालून राहिले. गुडघे न्हाई राहिले आता. चार वरसं झाली, एक पायरी चढवत न्हाई."

मी थांबले. तेव्हा कळलं की खुर्ची हलकी झालेली नव्हती, जड झाली होती. तिचा सगळा भार मुठींवर होता. चार वर्षं मी खालच्या पायरीशी बसून माझंच दुःख कुरवाळत होते आणि ही माझ्याशेजारी उभी राहून देव खाली बी हाये म्हणत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुजं तुला काय कमी हुतं?"

मी चाकं पुन्हा धरली. आता सावकाश, एक हात पुढे आणि थांबा, एक हात पुढे आणि थांबा. मागून तिच्या पावलांचा आवाज येत होता. निम्म्यावर आलो तेव्हा तिचा श्वास फारच मोठा ऐकू यायला लागला. थांबू का म्हणून विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. मी ब्रेक लावला आणि पिंपळाकडे मान वळवली.

"आई," मी म्हणाले, "ते बघ पोपट."

पिंपळावर एकही पोपट नव्हता. तिनं दोन्ही मुठी धरूनच मागे वळून वर पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली.