मोहाखाली विचारलेले प्रश्न

आधीच सांगते, भुताखेताच्या गोष्टी मला पटत नाहीत. आमच्या मोहर्लीत कोणी चकव्याचं काही सांगायला लागलं तर मीच त्याची टर उडवते. पण गेल्या उन्हाळ्यात जे झालं... बापा रे, अजून डोकं चालत नाही.

गावात, जंगलाला लागूनच, आमचं छोटं होमस्टे आहे. त्यामुळे जंगलाच्या एका ऑनलाइन ग्रुपवर मी अनोळखी लोकांना उत्तरं देत बसते. वाघ पोहतो का? सफारीला लाल शर्ट चालेल का? एकाने तर अस्वलाला सेल्फी आवडते का म्हणून विचारलं! काय बोलावं, सांगा.

त्या सकाळी माय मोहफुलं वेचायला गेली होती. आमच्याकडे बाया जोडीनं जातात. एक वाकून वेचते, दुसरी उभी राहून बोलत राहते. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं ना, म्हणून. सोबत शेजारची कमलबाई असेल असं मी धरूनच चालले होते.

नाश्त्याच्या गडबडीत फोन वाजला. फोटो नसलेल्या अकाउंटवरून प्रश्न होता — "एकटी बाई मोह वेचत असेल तर तिला उभं कसं ठेवायचं?"

मी हसतच लिहिलं, "काहीबाही विचारत राहा. बोलायला माणूस उभं होतंच."

"बरं. विचारते."

तेवढ्यात दारात कमलबाई! अंगावर चादर, तापानं फणफणलेली. "क्रोसिन हाय का वो? तुझ्या मायले म्हटलं नको जाऊ, आयकलं नाई तिनं."

म्हणजे माय जंगलात एकटीच होती! नवऱ्याला घेऊन गाडीनं निघाले, रस्ताभर "माय, माय" करत.

माय झाडाखाली उभी. कमरेवर हात, चांगलीच चिडलेली.

"थे पोरगी कोण होय वं? एक फूल वेचू देऊन नाई राह्यली! मी वाकली का लगेच विचारते, माय, नाव काय तुझं? गाव कोणतं? लेकरं किती? दिसत तं नाई कुठी!"

मागच्या झुडपात नवरा वाकून बघत होता. तिथलं गवत दबलेलं होतं आणि धुळीत वाघाच्या पंजांचे ताजे ठसे होते. मी मायला घट्ट धरून रडले.

"काऊन रडून राह्यली वं? फुलं सांडवली ना माही!" ती माझ्यावरच खेकसली.

कोण होती, कुठली होती, मला माहीत नाही. आजही सांगता येत नाही. घरी येऊन फोन पाहिला तर त्याच अकाउंटवरून आणखी एक प्रश्न आला होता.

"माय पोहोचली का घरी?"

मी एवढंच लिहिलं, "हो गं बाई, पोहोचली."