वांग्यावरचं औषध

"किती प्यायली?" हा प्रश्न आजही कुणी विचारला, अगदी चहाबद्दल विचारला, तरी माझं डोकं सणकतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या बाहेर आमचा भाजीचा आणि झेंडूचा मळा होता. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न ठरलेलं आणि तिच्या लांबसडक केसांत उवा झालेल्या. "सासरी काय उवा घेऊन जाणार हाय का?" म्हणत चुलतीने वांग्यावर फवारायचं औषध करडईच्या तेलात कालवलं, अक्काच्या डोक्यात खसाखसा चोळलं आणि वर फडकं बांधलं. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, दुकानदाराने सांगून ठेवलं होतं की पोटात जाऊ देऊ नका, बाकी काही होत नाही. डब्यावरची कवटी त्याला दिसत नव्हती का? दिसत होती. त्याला डबा खपवायचा होता.

दुपारी अक्काच्या तोंडातून लाळ गळायला लागली. दरदरून घाम, ओकाऱ्या, दंडाचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. आबांनी तिला भाजीच्या टेम्पोत घातलं. नाशिकच्या द्वारका चौकात टेम्पो ट्रकांत अडकला तेव्हा मी खाली उतरून दिसेल त्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या.

इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या पापण्या वर केल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"किती प्यायली?"

"प्याली नाय ती. डोक्याला लावलंय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आबांना विचारलं, "लग्न मनाविरुद्ध ठरवलंत का?"

आबा गप्प. सगळं ठाऊक असून गप्प. त्या गप्प बसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नळी घालून अक्काचं पोट धुतलं. इंजेक्शनं दिली. बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंडाला कोरड पडली, तिने पाणी मागितलं. संध्याकाळी पुन्हा लाळ, पुन्हा छातीत घरघर. पुन्हा पोट धुतलं. पोटात नव्हतंच काही! विष तेलासकट तिच्या वेणीत बसलं होतं, कातडीतून आत मुरत होतं, आणि शिकलेली माणसं तिचं तोंड हुंगत होती. इंजेक्शन उतरवायचं तेवढं केस परत चढवायचे. शेजारच्या खाटांवरच्या बाया कुजबुजत होत्या, दुसऱ्या कुणावर जीव असेल.

मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी मला समोरचं अंधुक दिसायला लागलं, मळमळायला लागलं. डॉक्टरांनी माझे डोळे तपासले आणि थबकले.

"तूसुद्धा प्यायलीस?"

"व्हय, दोघी बहिणींनी अर्धं अर्धं घेतलं!" मी किंचाळले. "अहो, माझे हात बघा! तिचे केस बघा!"

तेव्हा कुठे त्यांनी ती वेणी नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा पडला. एकीचं बोलणं खरं ठरायला दोघींना विष बाधावं लागलं.

केस काढायला सांगितले तर आबा म्हणाले, "लगीन तोंडावर आलंय, साहेब." पोरीसाठी न उघडलेलं तोंड केसांसाठी उघडलं! डॉक्टरांनी ऐकलं नाही. डोकं भादरलं, साबणाने पुन्हा पुन्हा धुतलं. मागाहून इस्पितळात आलेली चुलती कापलेले केस गंगावनासाठी पिशवीत भरायला लागली, तेव्हा मी तिच्या हातावर फटका मारला. अक्का वाचली.

ती घरी आल्यावर मुलाकडची माणसं भेटायला आली. पोहे झाले, चहा झाला. केस परत येतील ना, हेही विचारून झालं. मग होणाऱ्या सासऱ्याने आवाज खाली आणला.

"आता घरचंच हाय समदं. खरं सांगा, पोरीनं का घेतलं?"

आबा पुन्हा गप्प. मी उठणार तोच अक्का उठली. तिने डोक्यावरचा पदर काढला आणि भादरलेलं डोकं त्याच्या नाकापुढे वाकवलं. इतकं धुऊनही तिच्या टाळूला तो उग्र दर्प होता.

"घ्या वास," ती म्हणाली.

तो पाटासकट मागे सरकला. वास घ्यायला त्यांच्यातलं कुणीच पुढे आलं नाही.

"मग उठा," अक्का म्हणाली.

लग्न मोडलं. ते अक्काने मोडलं, हे मात्र गावात कुणी सांगत नाही.