घरधन्याची म्हैस

आमच्या ह्यांना म्हशीची भीती वाटायची. लातूरच्या गल्लीत वाढलेले, कॉलेजात कारकून. समोरून म्हैस आली की रस्ता सोडून कुणाच्याही ओट्यावर चढायचे. म्हणून मी त्यांना एक म्हैस दिली. खरी नव्हे, कॉम्प्युटरातली.

लातुरातलं आमचं छोटं ऑफिस गावोगावच्या दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतं. ते कुठं चुकतंय हे शोधणं माझं काम. आज आजी झाले तरी तेच करते. तेव्हा चाळिशीत होते आणि स्वतःला लई शहाणी समजत होते. प्रत्येक चाचणीसाठी नवा सभासद, नवं जनावर, नवं दूध हातानं भरायचा कंटाळा आला, म्हणून एक घर कायमचं मांडून ठेवलं. त्याला फिक्स्चर म्हणतात. मंडपवाल्याच्या सामानासारखं असतं ते. तेच खांब, तीच सतरंजी. सकाळी लग्नाला लागली, दुपारी तेरवीला. काम झालं की गुंडाळायचं, पुढच्या ठिकाणी पुन्हा कोरं अंथरायचं. कुणी प्रोग्रामला हात लावला की साऱ्या चाचण्या आपोआप चालायच्या, आणि दर चाचणीआधी हे घर नव्यानं उभं राहायचं.

घर कुणाचं मांडणार? आपलंच मांडलं. दुधात पाणी घालून पकडली जाणारी सभासद म्हणून सासूबाईंना बसवलं. त्या बिचाऱ्या चाकूरला देवपूजेत असायच्या आणि इकडं सून त्यांच्या दुधाचं फॅट पाडत होती. काय खुशीत होते मी! अडलं ते नवऱ्याच्या नावापाशी. अर्धापूरच्या केळीच्या बागेतून आलेली पोर मी, शहाणपण किती का असेना, नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नव्हतेच, बोटांनीही टाइप होईना. कोण बघत होतं? तरीही लाजले आणि लिहिलं, ‘घरधनी’, आणि त्यांच्या दावणीला ती म्हैस बांधली.

त्याचा निराळाच घोटाळा झाला. ऑफिसातल्या पोरांना वाटलं, हा डेअरीतलाच काही कायद्याचा शब्द असेल. त्यांनी सभासद क्रमांकाच्या जागी ‘घरधनी क्रमांक’ टाकून दिला. नांदेडकडच्या एका डेअरीतून बायांचा फोन आला, “दूध आमी घालून राहिलो न् मशीन घरधनी कशाला विचारते जी?” मी पदर तोंडात कोंबून हसले होते.

सभासद मेला तर खातं बायकोच्या नावावर होतं की नाही, याचीही एक चाचणी होती. तिच्यात घरधनी मरायचे. मागून सफाई व्हायची आणि पुढच्या चाचणीला पुन्हा म्हशीचं दूध घेऊन हजर. जेवताना मी ह्यांना सांगायची,

“आज तुम्हाला मारून मारून बोटं दुखली बघा.”

“मग जित्ता केलीस का न्हाई?”

“केलं की. तुमच्याशिवाय त्या म्हशीची धार कोण काढील?”

“अगं, त्यापरीस मेलेलाच ठेव,” म्हणायचे आणि ताटातली भाकरी मोडायचे.

मागच्या पोळ्यानंतर त्यांना नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथून परत आणलं ते झाकून.

तेरवी उरकून मी ऑफिसला आले. चाचण्या चाललेल्या होत्या. घरधनी उठले होते, दूध घालून आले होते, मेले होते, पुन्हा उठले होते. जगात कुणाला पत्ताच नव्हता. मी खुर्चीत बसून राहिले. मग जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे घेऊन बाहेर गेले की, मी चाचण्या चालवू लागले. काही तपासायचं नसे. ही म्हातारी शिकलेली आहे, तिला ठाऊक आहे की पडद्यावर एक शब्द आणि एक म्हैस आहे. तरी चालवायची. इतकी चळली होती म्हातारी.

माझ्या हाताखाली हिमायतनगरची एक पोरगी आली. हुशार. एक दिवस खुर्ची ओढून बसली.

“मॅडम, रागावू नका. साऱ्या चाचण्या ह्या एकाच घरावर लटकून राहिल्या. तिकडं पाणी घालणाऱ्या सासूबाईंचं फॅट बदललं की इकडं वारसाची चाचणी पडते, लाल होते. हे घर मोडून टाकू. ज्या चाचणीला जेवढं लागेल तेवढंच मांडू.”

खरं होतं तिचं. मीच तिला शिकवलं होतं, की मांडामांड लहान असावी.

“यातलं काही ठेवायचं का मॅडम?”

मी म्हणाले, “ते घरधनी...”

“ते काय, नुसता शब्द हाय की. मी ‘सभासद एक’ करते.”

ते कोण हे सांगायचं तर नाव सांगावं लागलं असतं. गेल्यावरसुद्धा ते माझ्या जिभेवर येत नाही. आणि कुठंच लिहिलेलं नव्हतं, की बोट ठेवून दाखवावं. मी म्हणाले, “हाव. नुसता शब्द.”

तिनं नीट, सावकाश मोडलं. आधी सासूबाई गेल्या, मग म्हैस, मग ते. मी शेजारी बसून बघत होते आणि मनात एकच होतं, की एखादी तरी चाचणी पडू दे. एक तरी ओळ लाल होऊन म्हणू दे की इथं माणूस होता, तो काढल्यावर चालत नाही. इतक्या वर्षांचं घर, कुठंतरी अडकलेलं असणारच. मंडप काढला तरी खांबांची भोकं राहतात जमिनीत.

तिनं चाचण्या चालवल्या. एकेक ओळ हिरवी होत खाली गेली.

“बगा मॅडम, एक पण न्हाई पडली!” तिनं टाळी वाजवली आणि चहा सांगायला खाली पळाली.

मी पुन्हा चालवल्या. परत हिरवंच. पाणी घातलेलं दूध पकडलं गेलं, बिलं निघाली, सभासद एक मेला, खातं त्याच्या बायकोच्या नावावर झालं. डेअरीचं कुठंच काही अडलं नाही. उलट आता सगळं लवकर उरकतं.