सुखदेवचा फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतो आहे तेही तो गेल्यावर – काय अर्थ आहे?

सुखदेव केनवडचा. मेथी, वांगी पिकवायचा आणि बुद्धिबळ खेळायचा. वाशीमच्या ब्लिट्झ स्पर्धेत आमचा डाव लागला. दोघांना तीन-तीन मिनिटं. पांढरी माझी, काळी त्याची. मी शिक्षक, घरी बुद्धिबळाची कपाटभर पुस्तकं. त्यानं ड्रॅगन बचाव मांडला – नावाला बचाव, काळा सरळ अंगावरच येतो. तरी मी निर्धास्त होतो. आणि त्यानं हत्ती देऊन माझा घोडा घेतला. एका घोड्यासाठी अख्खा हत्ती! माझा राजा उघडा पडला. थोड्याच चालींत मात.

"काय सर, मेथीवाल्यानं जुडीच बांधली तुमची!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सुखदेव हसला नाही.

मी पंचांकडे गेलो. म्हणालो – कसं लिहू? – म्हणालो, "हा डावाआधी बाहेर फोनवर होता. चाली विचारतो कुणाला तरी."

फोनवर तो होता, हे खरं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. ऐकलं होतं. "लाईन आली काय? मंग मोटर चालू कर न, मेथी सुकून राह्यली." एवढंच.

त्याला स्पर्धेतून काढलं. तो पुन्हा कधी खेळायला आला नाही. न सुरू झालेल्या डावाच्या चाली फोनवर कोण सांगणार? एकाही शहाण्याला हा प्रश्न पडू नये? चीड येते मला त्यांची. पण त्यांची कशाला – मला तर उत्तरही माहीत होतं!

परवा त्याच्या तेरवीला गेलो. पंगतीत शेजारचा म्हणाला, "मानूस चांगला, पन मोबाईलवर पाहून खेळे म्हनतात."

वाढता वाढता सुखदेवची मुलगी थांबली. "मलेच फोन करून राह्यले होते बाबा. सर, तुमी होते न तिथं? सांगा न या लोकायले."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"जाऊ द्या," मी म्हणालो. "माणूस गेला. आता काय मनात धरायचं?"

"सर मोठ्या मनाचे," शेजारचा म्हणाला.

मी माफ केलं त्याला – मी! मुलगी पुढच्या पानाकडे सरकली. मी मान खाली घालून जेवलो. पान स्वच्छ केलं.