नाव घातलेला पेला

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टॅक्सी उभी होती. मुंबईला जाऊन विमान गाठायचं होतं आणि आई अजून माझ्या बॅगेत मेतकूट कोंबत होती. अख्खा जिना निरोपाला खाली उतरला होता. कुणी हातावर दही ठेवलं, कुणी "विसरू नकोस हं आम्हाला" म्हणून घेतलं. तळमजल्यावरचे गायकवाडकाका नेमके आखातातून सुट्टीवर आलेले होते. ते खिडकीशी वाकून म्हणाले, "लवकर ये गं बाळ. घरात रिकामी जागा फार दिवस राहत नाही."

मला कंपनीकडून टोरांटोचं ऑनसाइट मिळालं होतं. मी हवेत होते. म्हातारा निघताना काय अभद्र बोलतोय, असंच मला वाटलं.

काका मस्कतला फिटर होते. माझ्या लहानपणी ते यायचे तेव्हा त्यांच्या बॅगा उघडायच्या आधीच अत्तराचा आणि साबणाचा वास जिनाभर पसरायचा. एका खेपेला त्यांनी सोनेरी काठाचे कप आणले. काकूंनी ते शोकेसमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली मांडले. घरच्यांनी चहा स्टीलच्या पेल्यातून प्यायचा, कप पाहुण्यांसाठी. माझ्या आईनेही हट्टाने त्यांच्याकडून तसाच सेट मागवला आणि तसाच नियम केला.

मग एकदा, मी शाळेत असतानाच, काका आले ते कायमचेच. तिकडचं काम संपलं होतं, पण हे त्यांनी आल्याआल्या घरात सांगितलं नाही. त्यांची रंजू माझी मैत्रीण, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होते. काकूंनी आम्हा मुलांना पेल्यातून चहा दिला आणि काकांना सोनेरी काठाच्या कपातून, खाली बशी.

"मलापण पेल्यात दे की," काका म्हणाले.

"असू द्या हो. चार दिवसांसाठी तर येता."

त्यात टोमणा नव्हता, माया होती. म्हणूनच ते जास्त लागलं असणार.

"आता जाणार नाहीये मी," काका म्हणाले.

काकूंनी कॉटकडे पाहिलं. काकांच्या कॉटवर आता मुलगा झोपायचा, त्यांच्या कपाटात त्याची बारावीची पुस्तकं होती. "बरं झालं," काकू म्हणाल्या, पण जरा उशिराने. तो उशीर माझ्यासारख्या पोरीलाही कळला.

त्याच आठवड्यात काका भांड्यांच्या दुकानातून एक पेला घेऊन आले. त्यावर स्वतःचं नाव घालून आणलं होतं. आपल्याकडे बारशाला, लग्नाला भांड्यावर नाव घालून देतात. माझाही बारशाचा एक पेला होता, मी त्यातूनच दूध प्यायची. पण आपल्याच घरात स्वतःच्या नावाचा पेला आणणारा माणूस मी तेव्हाच पाहिला. त्यांनी तो मांडणीवर बाकीच्यांच्या रांगेत ठेवला. काकूंनी काही दिवस आठवणीने त्यात चहा दिला. पुढे त्यांचा हात पुन्हा शोकेसकडे जायला लागला. मुलं वडिलांशी इतकी अदबीने बोलायची की ऐकवत नसे. काका दिवसभर जिन्यात बसून राहायचे. गावात नव्या कंपन्या येत होत्या, पण त्यांना कॉम्प्युटरवाली पोरं हवी होती, पन्नाशीचा फिटर कोण घेणार? दिवाळीच्या आत ते कतारला निघून गेले. नंतर तो पेला मला काकूंच्या तांदळाच्या डब्यात दिसला. मापाला घेतला होता.

तुम्ही इथले लोक फोनवर विचारता, "तिकडे बरं आहे ना?" आणि आम्ही गेलेले "मस्त!" म्हणतो. मॉर्गेज, बर्फ उपसायचं फावडं, रविवारी डीप फ्रीजरमधल्या पोळ्या, हे कुणाला सांगायचं? या खेपेला मी परतायचं ठरवूनच आले होते. हिंजवडीतली नोकरी जवळपास पक्की होती. फक्त आईला सांगायचं राहिलं होतं.

माझ्या खोलीत आता भाचीचं टेबल आहे. सकाळी ती माझ्या बारशाच्या पेल्यातून दूध पीत होती. मी बघतेय म्हटल्यावर तिने सांगून टाकलं, "आत्या, हा माझा आहे." तिला नाव वाचता येतं, तरीही.

आईने माझ्यापुढे सोनेरी काठाचा कप ठेवला.

"मला पेल्यात चालेल गं."

"असू दे. चार दिवसांसाठी तर येतेस."

वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण काकूंचा तो उशीर आठवला. तो मला माझ्या आईच्या चेहऱ्यावर बघायचा नव्हता. फार भीती वाटली त्याची. मी म्हटलं, "चहा छान झालाय." स्वतःच्या घरात चहाचं कौतुक करावं लागत नाही, एवढं तरी मला कळतं.

कप विसळायला उठले, तर आईने तो हातातून काढून घेतला.

"राहू दे गं. तू बस."