अर्ध्या टाकीचा उतार

“मागच्याला इचारलं का?”

मी किल्ली फिरवायच्या आत आबांचा हा प्रश्न ठरलेला. मागे माणूस कोणी नसायचा. पिकअपच्या मागे जोडलेली असायची दोन चाकांची पाण्याची टाकी, दोन हजार लिटरची. आबा खाली उतरायचे, धोतराचा सोगा कमरेला खोचायचे आणि टाकीला पुरा वळसा घालायचे. टायर दाबून बघायचे. हुकातल्या पिनेला टाचेने ठोसा द्यायचे. शेवटी टाकीच्या पोटावर उजवा तळहात टेकून डोळे मिटायचे, गाभण म्हशीच्या पोटावर हात ठेवावा तसे. मग म्हणायचे, “हां, तयार हाय म्हन्तो. चल बे.”

तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून हे पाहिलं असतं तर हसला असता. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो. नंतर कधी नाही.

मी भंडाऱ्याकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. आमचा मुलूख धानाचा, तळ्यांचा. तांदळाचा ट्रक घेऊन बीडला आलो आणि तिथे इंजिनाने मान टाकली. मालकाने ट्रक जागेवरच विकला आणि फोनवर मला म्हणाला, “तू पाहून घे आता.” रिकाम्या हाताने गावी कसं जावं, म्हणून राहिलो. कोणीतरी सांगितलं, पालीकडच्या दूध संस्थेने दुष्काळात जनावरांची छावणी उघडलीय, तिला आणखी एक ड्रायव्हर पाहिजे. गेलो. आबा भाकरी खात बसले होते. माझं तोंड पाहून त्यांनी नाव विचारलं नाही की गाव. अर्धी भाकरी मोडली, वर ठेचा ठेवला आणि पुढे केली. “खा. मंग घाबर.”

कारण माझा स्वभावच भित्रा. आजही आहे. चढ आला की स्टिअरिंग आवळायचो, उतार आला की आणखी. दर वळणावर मी विचारायचो, “आबा, बरोबर ना जी?” ते खिडकीबाहेर पाहत म्हणायचे, “मला नको इचारू. मागच्याला इचार.”

आबा मूळचे मेंढरांमागचे. दुष्काळाने कळप निम्मा झाला तेव्हा उरलेली मेंढरं भावाच्या हवाली करून ते संस्थेच्या दुधाच्या गाडीवर आले. पाणी वाहायला ट्रॅक्टर मिळेना, तेव्हा त्याच गाडीला संस्थेने टाकी जोडली. गाडीविषयी आबा जनावराच्या भाषेतच बोलायचे. पिकअप म्हणजे पुढचा, टाकी म्हणजे मागचा. आणि मागचा पुढच्याहून जड असेल तर खरा मालक तोच. “तू वजं वढतोस असं समजू नको. वजं तुला जाऊ देतंय, म्हनून तू चाललास.” हे ऐकलं आणि त्या दिवशी मी गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

पिकअपच्या हौद्यात ते पेंडीची पोती घालायचे, मागच्या चाकांच्या बरोबर वर. पुढचा हलका राहिला तर मागचा त्याला ढकलत नेणार. हुकाखाली दोन साखळ्या, त्याही फुली मारून. एकदा मी त्या सरळच लावल्या. आबांनी त्या सोडल्या, फुली मारली आणि फुलीवर हात ठेवला. “पिन तुटली तर टाकीची दांडी कुठं पडंल? हितं, झोळीत. लेकरू पाळन्यात पडावं तशी. तुझ्या सरळ साखळीत पडली असती का?”

घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक सारखा दाबून ठेवायचा नाही. “चाटत बसू नको त्याला. तापला की तुझं ऐकनार न्हाई.” टाकी शेपटीसारखी हलायला लागली तर पाय हळूच काढायचा आणि हात मुळीच हलवायचा नाही. आणि थांबताना चाकाखाली लावलेला दगड निघताना आपणच उचलून कडेला टाकायचा. मागून मोटारसायकलवर कोण येतंय, कोणाची लेकरं आहेत त्यावर, आपल्याला काय माहीत?

त्या साली पालीकडच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. धरणाच्या पोटात भेगा होत्या, माझा पाय घोट्यापर्यंत जाईल अशा. तळ्यांच्या मुलखातल्या माणसाने ते पाहू नये. पाणी भरायचं ते वर, चौसाळ्याच्या अंगाला, एका शेतकऱ्याच्या विहिरीवर, आणि जुन्या घाटाने खाली छावणीवर आणायचं. घाट उतरायला लागतो तिथेच एक वस्ती होती. बायका रस्त्याच्या कडेला रिकाम्या घागरी वाजवायच्या. आबा नजर समोर ठेवून पुढे निघायचे. कधीच थांबले नाहीत.

त्यात एक म्हातारी मावशी होती, तोंडाची फटकळ. ओरडायची, “पान्याची गाडी हाय का मयताची? थांबत कशी न्हाई मेली!”

“येताना थांबतो, मावशे!” आबा खिडकीतून म्हणायचे.

“येताना रिकामाच येतोस की रे मुडद्या!”

मला ते बरं वाटायचं नाही. एकदा म्हटलं, “दोन घागरी दिल्या तर काय जाते जी?”

“दोघींना देऊन बाकीच्यांकडं पाठ करशील? अर्धी टाकी जाईल.” आबांनी मान मागे, टाकीकडे वळवली. “भरलेली टाकी गप बसती. रिकामी बी गप बसती. अर्धी लई बोलती. उतारावर आतलं पानी पुढं पळतं अन् गाडीला ढकलतं. वळनावर एका अंगाला जातं अन् टाकी आडवी. ह्याच घाटात अर्धी टाकी घेऊन उतरलेला एकजन मला ठावं हाय. त्याच्या घरी मी मातीला गेलतो.”

पुढे मी ते पुन्हा विचारलं नाही.

मग वैशाखातली ती दुपार. आबाच चालवत होते. वस्तीचं वळण घेतलं तर समोर रस्ताभर भांडी मांडलेली. हंडे, घागरी, तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन. त्यामागे बायका. सरकारी टँकर बरेच दिवस फिरकला नव्हता. गाडी थांबली. मी उतरून चाकाखाली दगड लावला.

“सरका बायांनो,” आबा म्हणाले. “खाली जनावरं वाट बघायलीत. मावशे, तुझी बी गाय हाय त्यात.”

“हाय ना.” मावशीने आज शिवी दिली नाही, मला त्याचीच भीती वाटली. “गाय बी माझीच, नातवंडं बी माझीच. कुनाला मर म्हनू? अर्धं-अर्धं कर.”

आबांनी तिला अर्ध्या टाकीचं सगळं समजावून सांगितलं. उलटलेल्या त्या माणसाच्या मातीला आपण गेलो होतो, तेही सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“असं हाय व्हय,” ती म्हणाली. “मंग ने बाबा. तुझ्या बी घरी कुनीतरी असंल.” आणि तिने वाकून आपली घागर रस्त्यातून उचलली, कडेला ठेवली.

ती भांडत राहिली असती तर आबा गेले असते, असं मला अजूनही वाटतं. ते खाली उतरले, मागे गेले, टाकीवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी तोटी उघडली.

कोणी ढकलाढकली केली नाही. पहिली घागर मावशीच्या सुनेने भरली आणि कडुलिंबाची डहाळी मोडून पाण्यात सोडली. आमच्याकडे माझी मायही सोडायची. आबांनी विचारलं, “हे कावून टाकतीस गं?”

“आता बया! चालताना पानी उसळतं की. डहाळीनं दबून ऱ्हातं.”

आबा तोटीवर हात ठेवून तसेच थांबले. घागरीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या कॅनांकडे.

“मावशे, हंडे-घागरी भरून घ्या. झाकनाचे कॅन भरू नका. रिकामेच द्या मला, झाकनं गच्च लावून.”

“कॅन बी नेतोस? पानी द्यायला आलास का भंगार गोळा करायला?”

“मागच्याला डहाळी पायजे.”

बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. त्यांना लगेच कळलं. मला सगळ्यांत शेवटी कळलं, की रिकामे कॅन पाण्यावर तरंगून त्याला दाबून ठेवणार. घराघरांतून आणखी कॅन आले, प्रत्येकाच्या मुठीला ओळखीची चिंधी बांधलेली, लाल, हिरवी, जरीच्या काठाची. आबा टाकीवर चढून झाकणातून एकेक आत सोडत होते. अर्ध्यावर आलेलं पाणी वरून कॅनांनी पार झाकून गेलं तेव्हा त्यांनी टाकीला एक धक्का दिला. आतून नुसतं डुब्ब झालं.

मी गाडीत बसायला गेलो. “तू न्हाई,” आबा म्हणाले. “हातात दगड घे अन् मागनं चालत ये. गाडी थांबली तर चाकाखाली घाल. थांबली न्हाई तर बाजूला हो. तिच्या मागं पळू नको.”

तुम्ही मोठमोठी वाहनं, मोठमोठी कामं पाहिली असतील. मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं काम ते. ऊन असं की रस्ता हलत होता. मी दगड छातीशी धरून चालत होतो आणि पुढे ती टाकी माणसाच्या पावलाने उतरत होती. इंजिन पहिल्या गिअरमध्ये कण्हत होतं. मागचे लाल दिवे क्षणभर लागायचे, विझायचे. आत कॅन बोलत होते, डुब्ब, डुब्ब. दुसऱ्या वळणावर, जिथे दरीकडचा कठडा नाही, तिथे टाकी दरीच्या अंगाला झुकली. दरीकडचं चाक दबलं. आतलं पाणी तिकडे निघालं ते मला बाहेरून ऐकू आलं. मी बाजूला झालो नाही. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही सुचेना. मग आत कॅन एकमेकांवर कोंबले गेले, लाटेचा दम तिथल्या तिथे मोडला आणि टाकी हळूच, अगदी शहाण्यासारखी, सरळ झाली. दिवे लागलेच नाहीत. आबांनी ब्रेकला पाय लावला नव्हता.

खाली पोचलो तेव्हा जनावरं दावणीला उठून उभी राहिली होती. मी मागे पडलो होतो. आबा गाडीतून उतरून हौदाला टेकून बसले होते, धोतर घामाने अंगाला चिकटलेलं. त्यांना माझी पावलं ऐकू आली.

“मागचा आला का?” त्यांनी विचारलं.

मी दगड खाली ठेवला आणि रडलो. आबा म्हणाले, “पानी पी आधी.”

संस्थेचे चेअरमन विचारायला आले, अर्धं पाणी गेलं कुठे? आबा म्हणाले, “वर. तुमच्याच सभासदांच्या घरी. मी आनखी एक खेप मारतो.” त्या उन्हात ते पुन्हा वर गेले.

दुसऱ्या दिवशी कॅन परत द्यायला वस्तीवर थांबलो. आबांनी टाकीवर बसून वाकड्या तारेने पहिला कॅन बाहेर काढला. मावशीने चिंधी ओळखली, कॅन हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत वर दिला.

“ऱ्हाऊ दे आतच.”

“कावून?”

“उद्या बी अर्धं द्यायचं हाय ना तुला? मंग काढ-घाल कशाला करतोस!”

आबांनी कॅन पुन्हा झाकणातून आत सोडला. कॅन टाकीतच राहिले. छावणी मोडेपर्यंत रोजची पहिली खेप वस्तीवर अर्धी होऊन उतरायची. मावशीच्या शिव्याही पुन्हा सुरू झाल्या.

पुढे आबांच्या डोळ्यांवर पडदा आला. शेवटच्या खेपेला ते माझ्या डाव्या हाताला बसले. पूर्ण घाटभर डोळे मिटलेले, मान किंचित मागे वळलेली, कॅन ऐकत. खाली आल्यावर म्हणाले, “आज एकदाबी ‘बरोबर ना जी’ म्हनला न्हाईस.” मला ते आठवतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते भावाच्या मेंढरांकडे निघून गेले. मी म्हटलं, दिसत नाही तर मेंढरं कशी राखाल जी? “त्यांना दिसतं की,” ते म्हणाले. “मी नुसता मागं चालनार.”

मी अजून संस्थेतच आहे. आबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाणी आटलं, तेव्हा एकदा टाकी घेऊन घाट उतरलो तर पायथ्याशी मेंढरांनी रस्ता अडवलेला. गाडी थांबवली. कळप जाता जाईना. सगळ्यांच्या मागे, धुळीत, एक माणूस काठीने रस्ता चाचपत येत होता. मी हाक मारणार तेवढ्यात एक मेंढरू टाकीच्या दांडीला धडकलं आणि आत कॅन हलले. डुब्ब.

आबा थांबले. माझ्याकडे नाही, टाकीकडे तोंड केलं. उजवा तळहात वर उचलला, हवेत तसाच काही वेळ टेकवून ठेवला. मग मेंढरांच्या मागे निघून गेले.