तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह

आमच्या ह्यांनी वकिली सोडली तेव्हा धारवाडात सगळ्यांना वाटलं, माणसाला शेतीचं वेड लागलं. केलगेरीच्या तळ्यापलीकडची वडिलार्जित काळी जमीन त्यांनी स्वतः कसायला घेतली आणि एका मळेवाल्यानं टाकून दिलेला जुना ट्रॅक्टर आणला. लोखंडी चाकांचा, पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घालायचा.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. एकदा कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं एक आणि ह्यांनी उत्तर दिलं भलतंच, मागं कुणीतरी हसलं. त्या दिवशी काळा कोट खुंटीला लागला तो लागलाच. मला त्यांनी काही सांगितलं नाही, ते बाहेरून कळलं. मीही विचारलं नाही, फक्त जरा मोठ्यानं बोलायला लागले.

पहिलं वर्ष ट्रॅक्टर नीट चालला. दुसऱ्या वर्षी नांगरटीच्या वेळी तो फटाक्यासारखा वाजू लागला. सकाळी गुण्यागोविंदानं चाले, ऊन चढलं की फट्, फट्. मी जेवण घेऊन रानात जायची तेव्हा ऐकायची. वाटायचं, जुनं यंत्र आहे, वाजणारच. शिवाय हे इतके शांतपणे चालवत असायचे की काळजीचं काही नसेल असं वाटे.

एक दिवस शेजारच्या रानातला शेतकरी कडब्याची गाडी घेऊन बांधाकडेच्या वाटेनं चालला होता. त्याची बायको कडब्यावर बसली होती. गाडी अगदी जवळ आली आणि ट्रॅक्टर असा काही वाजला की बैल उधळले. गाडी चरात कलंडली. बाई कडब्यासकट खाली आली. तो मागून जीव तोडून ओरडत होता आणि हे सरळ पुढं नांगरत चालले होते. मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

मी ढेकळांतून पळत जाऊन ट्रॅक्टरच्या पुढं उभी राहिले. त्यांनी यंत्र बंद केलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी मागं बोट दाखवलं. ते खाली उडी टाकून गाडीकडं धावले.

बाईचं मनगट मुरगळलं होतं. बाकी देवाच्या दयेनं काही नाही. तिचा नवरा मात्र तापला होता. "बंदुकीसारखं वाजतंय तुमचं यंत्र, रोज वाजतंय. वकीलसाहेब, आम्ही माणसं नव्हं काय?" तो कानडीत बोलत होता, मी तेच ह्यांच्या कानाशी पुन्हा सांगितलं. हे त्याच्याकडं वळून कानडीतच म्हणाले, "मला ते वाजलेलं ऐकू येत नाही. एकदाही आलं नाही. माझे कान गेलेत."

इतक्या दिवसांत मला न सांगितलेली गोष्ट त्यांनी प्रथम त्या माणसाला सांगितली. मग कलंडलेली गाडी उभी करायला त्यानं ह्यांनाच हाक मारली, हातानं खुणावून.

दुसऱ्या दिवशी हुबळीहून मिस्त्री बोलावला. दाजीबानपेठेमागच्या गल्लीत तो मोटारी दुरुस्त करायचा, ह्यांचा जुना पक्षकार. त्यानं कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग पुसले, तरी ऊन चढल्यावर फट् झालंच. बांधावरून त्याला नेमकं कळेना, म्हणून त्यानं विचारलं, "आवाज कुठनं येतोय? पुढच्या कार्बोरेटरमधनं, का धुराच्या नळीतनं?" हे माझ्याकडं बघायला लागले.

परक्या माणसापुढं यंत्राबद्दल बोलायचं म्हणजे मला संकोच वाटला. पण सांगितलं, "धुराच्या नळीतनं. थंड असताना नाही, तापल्यावरच. आणि नांगर जोरात लागला की जास्त."

"मग एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह असणार, अक्कावरे," मिस्त्री म्हणाला. "तापला की पुरता बसत नाही, जाळ बाहेर निसटतोय. चारांतला कुठला, ते बघू."

यंत्र थंड होऊ दिलं. ह्यांनी हँडल धरून हळूहळू फिरवलं. प्रत्येक सिलिंडरची दाब देण्याची पाळी आली की हाताला अडतं. "तीन वेळा अडतं, चौथ्याला हात सैल पडतो," ते म्हणाले. हे सांगायला कान लागत नव्हते.

मग यंत्र चालू केलं. लाकडी मुठीच्या पेचकसानं ते एकेका प्लगची ठिणगी बंद करत गेले आणि माझ्याकडं बघत राहिले. पहिला बंद केला, यंत्र अडखळलं, मी हात वर केला. दुसऱ्यालाही तसंच. तिसरा बंद केला तर आवाजात काहीच फरक नाही, म्हणजे तो आधीपासून कामच करत नव्हता. मी हात खालीच ठेवला. चौथ्याला परत अडखळलं. त्यांनी तिसऱ्याकडं बोट केलं, मी मान हलवली.

सिलिंडरांवरचं झाकण, हेड, उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची कड एका जागी जळून काळी पडलेली दिसली. आधी कुणीतरी त्याच्या दांड्याखालची फट फार कमी ठेवली होती. दांडा तापून लांबला की व्हॉल्व्ह अधांतरी राहायचा. लढाईचे दिवस, नवा व्हॉल्व्ह मिळणं कठीण. "घासून बघू," मिस्त्री म्हणाला.

दोन दिवस हे तेच करत बसले. कडेला घासायचं मलम लावून, व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर टेकवून इकडून तिकडं फिरवायचा, उचलायचा, पुसायचा, परत. मी शेजारी बसून चिंध्या देत होते. मधेच त्यांनी न बघता विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"कोर्टात ते झालं, त्याच्या आधीपासून," मी त्यांच्या डाव्या कानाशी म्हणाले. "तो कान जरा बरा आहे तुमचा. मी नेहमी त्याच बाजूला बसते, लक्षात नाही आलं?"

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

शेवटी मिस्त्रीनं कडेवर पेन्सिलीच्या रेघा मारून व्हॉल्व्ह बैठकीवर एकदा फिरवला. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या तेव्हा त्यानं मान डोलावली. सगळं जोडलं, यंत्र तापवलं आणि तापलेलं असतानाच मापाच्या पोलादी पात्या घालून सगळ्या व्हॉल्व्हच्या फटी नीट केल्या. दुपारच्या उन्हात हे नांगर लावून रानाच्या टोकापर्यंत जाऊन आले. एकदाही फट् नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी खूण केली, ठीक आहे.

शेजाऱ्याचं रान त्या वर्षी ह्यांनीच नांगरून दिलं, त्याच्या बायकोचं मनगट अजून दुखत होतं म्हणून. जुने वकील मित्र घरी येत तेव्हा हे आता स्वतःच सांगू लागले, "मोठ्यानं बोला, आणि ह्या बाजूनं." कुणी हसलं नाही. एकजण तर म्हणाला, हाक मारली तरी तुम्ही वळत नव्हता, आम्हाला वाटायचं तुम्ही आमच्यावर रागावलात.